बाबा, ती पुडी आजपासून बंद

प्रिय आई-बाबा,

काल बाबांनी चिडून फोन ठेवला म्हणून आता लिहूनच सांगते. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

बाबा, रक्तात शिसं ६२ आलंय, ५ च्या आत हवं होतं. सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन हलेना, पोटात कळा, शौचाला साफ नाही, आणि आपण सगळे ते वयावर ढकलत बसलो. शुगरसाठी जी पुडी घेताय ना तिच्यावर नागभस्म लिहिलंय, आणि नाग म्हणजे शिसंच की हो! शुद्ध केलेला धातू बाधत नाही म्हणता, पण बाधलाय ते रिपोर्टच सांगतोय. मी काही आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आजीचा काढा अजून पिते.

आई वांगी चिरली की लगेच पाण्यात टाकते, नाहीतर हवेनं काळी पडतात. आपल्या पेशीत पण ऑक्सिजन वापरताना असं नासवणारे कण रोज बनतात, त्यांना आवरायला ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, त्यात गंधक असतं आणि शिसं नेमकं गंधकालाच जाऊन चिकटतं, म्हणजे वांग्याखालचं पाणीच काढून घेतल्यासारखं. वर रक्ताचा लाल रंग बनवणारं एक एन्झाइमही ते बंद पाडतं, मग अर्धवट कच्चा माल साठतो आणि तोही तसलेच कण सोडतो. म्हणून लोहाच्या गोळ्या वाया गेल्या, लाल पेशी लवकर फुटतात, किडनीवर ताण येतो, बीपी वाढतं. हे नासवणारे कण असे आवरेनासे झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, तुमच्या टेन्शनचा यात काही संबंध नाही.

आई म्हणेल आवळा देते. दे, पण आवळ्यानं शिसं बाहेर निघत नाही. रक्तातलं महिन्याभरात निम्मं होतं, हाडात शिरलेलं मात्र वीस-तीस वर्षं मुक्काम करतं, म्हणून आधी आत जाणं थांबवायचं. मग डॉक्टर शिसं धरून लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्या देतात, आणि गंमत म्हणजे त्या गोळ्यांतही गंधकच असतं.

पुडी फेकू नका, डब्यासकट ठेवा, लॅबला द्यायचीय. मी शनिवारी सकाळच्या एसटीने येते. आणि शेजारच्या काकांनाही तुम्हीच दिली होतीत ना ती, त्यांना आजच जाऊन सांगा.

तुमची,
ताई