प्रिय मास्तर, दाढेचं काय करू?

प्रिय मास्तर,

तुझं पत्र पोचलं. आधीचंही पोचलं होतं. उत्तर का नाही ते विचारू नकोस, विचारलंस तर मी पंपाचा विषय काढीन. तब्येत ठीक. शुगर ताब्यात, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुर करतात पण चालू देतात. हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि ती मला दाखवत फिरते. संपलं तब्येतीचं.

मुद्दा असा की माझी दाढ गेली. खालची, उजवीकडची, पहिली मोठी. तीच, जिच्या कळेपायी मी आपल्या त्या सहलीत कुणाला झोपू दिलं नव्हतं आणि वकील उशी घेऊन व्हरांड्यात गेला होता. पुढे तिचं रूट कॅनल झालं, वर कॅप बसली आणि इतकी वर्षं तिनं ब्र काढला नाही. अलीकडे हिरडीवर एक बारीक फोड यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. दुखत काही नव्हतं. तपासलं तर मूळ उभं चिरलेलं. आडवं तुटलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं, उभी चीर गेली की दाढ काढण्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि काढली.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते म्हणे. दुधाचा एकही दात न पाडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप येऊन उभी राहते. म्हणजे माझी तिच्याशी ओळख तुझ्याहून जुनी, आणि भांडणं कितीतरी कमी. दवाखान्याच्या कागदावर ती ४६. चौथा भाग, सहावा दात. पुढची ४५, मागची ४७. आता मी घरातही तसंच बोलायला लागलोय, त्यामुळे ही वैतागलीय.

आता त्या खिंडाराचं काय करायचं, हा प्रश्न आहे. तू हसशील. पण मला रात्री झोप येत नाहीये, आणि ते एका दाढेपायी नाही हे तुलाच कळेल. पुढे सांगतो.

दाढ काढल्यावर हिरडी भरून आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. मुलगी गुणी आहे, हात हलका आहे, घाई करत नाही. म्हणाली, दोन रस्ते आहेत. ब्रिज, नाहीतर इम्प्लांट. ब्रिज म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन्ही दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचे, दोघांवर कॅप बसवायच्या आणि मधे त्यांना जोडलेला खोटा दात. दोन-तीन आठवड्यांत काम पुरं. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन महिने, मग वर दात. सगळं सांगून झाल्यावर ती अगदी मायेनं म्हणाली, ‘‘काका, या वयात ब्रिजनं भागेल.’’

मास्तर, मी तिथं काही बोललो नाही. पण घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं. तुझ्या गुडघ्याच्या वेळी तो सर्जन असंच काहीसं बोलला होता आणि तू त्याला खुर्चीतून उठून जे सुनावलंस, ते मला तेव्हा अतिरेकी वाटलं होतं. आता नाही वाटत. या वयात म्हणजे काय? ब्रिज नीट राखला तर दहा-पंधरा वर्षं सहज जातो. इम्प्लांट बहुतेकदा त्याहून जास्त. म्हणजे बाईंनी मनात माझी वजाबाकी केली आणि उत्तर दहा-पंधराच्या आत आलं. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, माझा कुणी परस्पर मांडावा हे कसं चालेल?

म्हणून लेकीच्या आग्रहावरून दुसऱ्याकडे गेलो. हे दुसरं टोक. एका दाढेचं विचारायला गेलो तर त्यानं तोंडभर आराखडा काढला. इथे एक स्क्रू, तिथे एक, वरच्या बाजूला हाड कमी आहे तर तिथे भर घालू. मी म्हटलं, बाबा रे, वरच्या दातांचं मी काही म्हणालोय का? त्याला वयाची अडचण मुळीच नव्हती. उलट म्हणाला, ‘‘वयाचा काही संबंध नाही, अंकल.’’ ते ऐकून मला ती पहिलीच बरी वाटू लागली, बघ. मधली माणसं कुठे गेली सगळी?

पण त्याच्याकडे एक गोष्ट पाहिली. जबड्याचा स्कॅन पडद्यावर. करडा, धुरकट, माझाच जबडा, बाजूनं कापल्यासारखा. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाकडे जाणारी नस असते, ती त्यानं माउसनं पिवळी रंगवली. मग एक छोटा स्क्रू उचलून रिकाम्या जागी सोडला, खाली ओढला, वर ओढला. नसेपासून दोन मिलिमीटर तरी अंतर ठेवायचं म्हणाला, नाहीतर ओठ-हनुवटी बधिर राहण्याची भीती. हाड पुरेसं निघालं. मला भलताच आनंद झाला, पेपर सोपा गेल्यासारखा. मग तो म्हणाला, दाढ काढल्यावर पहिल्या वर्षातच हाड सगळ्यात जास्त झिजतं, तेव्हा विचार करा पण वर्षभर करू नका. इतकं एक वाक्य तो विक्रीसाठी बोलला नाही.

तू ब्रिज म्हणणार. मला ठाऊक आहे. जुनं आहे ते सांभाळून घ्यावं, नवं कशाला, हे तुझं तत्त्वज्ञान. त्याच तत्त्वज्ञानापायी आपण तीन उन्हाळे तो पंप दुरुस्त करत होतो, आणि शेवटी त्याला जोडलेला चांगला पाइपही फुटला. (काढलाच विषय. तू उत्तर दे.) ब्रिजचं मला तेच खुपतं. माझी ४७ आधीच मोठं फिलिंग घेऊन बसलीय, तिला आज ना उद्या कॅप लागणारच, तिला घासलं तर माझी तक्रार नाही. पण ४५! त्या दातानं आजवर दवाखान्याचं तोंड पाहिलेलं नाही. ना कीड, ना फिलिंग. शेजारी मेला म्हणून त्याला सोलायचं? आणि एकदा घासलेलं वरचं कवच परत येत नाही. घासलेल्या दाताला पुढे कधी रूट कॅनलही लागू शकतं. ब्रिजच्या एका टोकाखाली कीड लागली तर अख्खा ब्रिज उतरवावा लागतो, तिघांचं एकदम बिघडतं. स्क्रू बिघडला तर स्क्रूपुरतं. बाकी दोन्ही शेजाऱ्यांवर आधीच कॅप असत्या, तर मी तुझ्याआधी ब्रिज म्हणालो असतो.

इम्प्लांटबद्दल इकडेतिकडे वाचलं. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश माणसानं १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती, रक्त कसं वाहतं ते बघायला. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेला तर निघेना, हाड तिला धरून बसलेलं. त्यातून हे सगळं निघालं. १९६५ मध्ये त्यानं पहिल्या माणसाच्या जबड्यात हे बसवलं आणि तो माणूस २००६ मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षं ते दात त्याच्या तोंडात काम करत होते. आता मला चाळीस वर्षांची हमी घेऊन काय करायचंय, सांग. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात. मागे राख आणि एक स्क्रू. लेकीला म्हटलं, तर ती दोन दिवस बोलली नाही.

हिचा तिसराच मार्ग आहे. राहू दे तसंच. डावीकडून चावा. हे ऐकायला अडाणी वाटतं, पण तसं नाही. जपानात १९८९ पासून मोहीमच आहे, ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात तोंडात असावेत म्हणून. वीस असले की खाण्यापिण्याचं बहुतेक निभतं असा हिशेब. मी आरशासमोर मोजले, सव्वीस आहेत. तुझे किती? खरं सांग, त्या दोन कॅप धरून चालतील. पण जागा मोकळी ठेवली तर मागची ४७ हळूहळू पुढे कलते आणि वरची दाढ, खाली टेकायला कुणी नाही म्हणून, खाली उतरत येते. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, झालं तरी या वयात... बघ, मीही म्हणायला लागलो.

आता ते, ज्यासाठी हे पत्र तुलाच लिहितोय.

वकिलाचे शेवटचे महिने आठव. ती नर्स तोंड साफ करायला आली आणि विचारलं, यांची कवळी कुठली आणि स्वतःचे दात कुठले? कुणाला सांगता येईना. वहिनींना माहीत नाही, मुलगी परदेशात, दवाखाना कधीच बंद झालेला, आणि वकील तर तोवर आपल्यालाही ओळखत नव्हता. तू त्याचा जबडा धरलास, मी मोबाइलचा टॉर्च. डावीकडचा ब्रिज होता तो. त्याच्या खोट्या दाताखाली किती दिवसांचं काय काय साचलेलं, हिरडी सुजून लाल, हात लावला की रक्त. तो वास. या तोंडानं हा माणूस कोर्टात दोन-दोन तास बोलायचा. त्यानं तुझं बोट चावलं आणि तू त्याच्यावर ओरडलास, मग खाली जाऊन किती वेळ आला नाहीस. त्यावर आपण पुढे कधी बोललो नाही. आताही बोलायचं नाहीये.

पण मला रात्री तेच दिसतं. ब्रिज काय, स्क्रू काय, बसवतात डॉक्टर, राखायचं आपण. ब्रिजखालून रोज ती खास जाड दोरी ओवून काढावी लागते. मी सुईत दोरा ओवू शकत नाही, तू हसतोस. स्क्रूवरच्या दाताला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतालची हिरडी सुजते आणि आतलं हाड जातं, तेही न दुखता. एकट्या दाताला निदान दोन्ही बाजूंनी बारीक ब्रश तरी घालता येतो. आज मला येतो. हात थरथरायला लागल्यावर? आणि मग मी सांगू शकत नसेन तेव्हा? दोघांही डॉक्टरांना मी हे विचारलं. पहिली म्हणाली, इतका पुढचा विचार करू नका काका. दुसरा म्हणाला, दर सहा महिन्यांनी आमच्याकडे या. दोघंही वर्षं मोजत होते. माझ्या तोंडात हात कोण घालणार, हे मोजायला कुणी तयार नाही. त्या दृष्टीनं हिचा मार्गच सगळ्यात शहाणा. खिंडाराला काही साफ करावं लागत नाही.

तरीही माझा कल स्क्रूकडे आहे. ४५ला हात लावायचा नाही, एवढं पक्कं. स्क्रूवरचा दात सिमेंटनं चिकटवलेला नको, बारीक स्क्रूनं कसलेला हवा, म्हणजे पुढे-मागे काढून साफ करता येईल, हे मी सांगून ठेवलंय. काम पहिल्या बाईंकडेच करणार. मी तसं सांगितल्यावर तिनं तोंड वाकडं केलं नाही. मागचा शुगरचा रिपोर्ट मागितला, सिगारेट विचारली (वकिलानं सोडवली होती, ते मी तिला सांगत बसलो), आणि रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलते, म्हणाली. विक्रीपेक्षा हे बरं.

तुझ्याकडे एक काम. बसवलेल्या स्क्रूचं एक कार्ड मिळतं. कुठल्या कंपनीचा, किती जाडीचा, किती लांबीचा, कुठल्या तारखेला. त्याची झेरॉक्स तुला पाठवीन, सोबत माझ्या सगळ्या दातांचा कागद, कुठला माझा, कुठला बसवलेला. तुझ्या त्या हिरव्या फायलीत ठेव. घरात ठेवला तर हरवेल, आणि लेकीला दिला तर ती पुन्हा बोलायची नाही. तूही तुझा पाठव. आधी कुणाला लागेल त्यावर पैज नको, मागच्या पैजेचे तुझ्याकडून यायचेत.

तुझं नवं घर, नातवाचा निकाल, भावाशी जमिनीचं, सगळं वाचलं. घर वरच्या मजल्यावर का घेतलंस, ते गुडघ्याला विचारलंस का? नातवाला शाबासकी सांग. जमिनीचं सोडून दे, नाहीतर सोडू नकोस, तू माझं कधी ऐकलंयस.

पुढच्या गुरुवारी जायचंय. त्याआधी काय ते कळव. फोन केलास तरी चालेल, पण दुपारी करू नकोस.

तुझा,
हिशेबनीस

ता. क. तुमच्या घरी वहिनींना हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी आहे ना? त्या गोळीवर असताना दात काढला किंवा स्क्रू बसवला तर क्वचित जबड्याचं हाड नीट भरत नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर गोळीचं नाव आधी सांगायला लाव, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असेल तर तेही. मनानं बंद मात्र करू नका.