मंत्रीमहोदय, लंडनचं नंतर बघू, आधी नाशिकचं चित्र द्या

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

परवा नाशकात येऊन परदेशात गेलेला वारसा परत आणण्याचा शब्द दिलात, टाळ्याही घेतल्यात. त्याच आठवड्यात आपल्या खात्याचं पत्र मिळालं: ‘सदर चित्राच्या मालकीचा पुरावा सादर करावा.’

सदर चित्र म्हणजे आमच्या पंचवटीतल्या घरातली शूर्पणखा. गेरूच्या रेषा, लक्ष्मणाचा उगारलेला हात, खालच्या कोपऱ्याला कसर, मागे पणजोबांची मोडीतली ओळ. प्रदर्शनासाठी आपलीच माणसं घेऊन गेली. पोच दिली साध्या कागदावर. आता म्हणे त्यावर शिक्का नाही! आई ते चित्र पुन्हा न बघताच गेली. त्याचा पुरावा आहे, मृत्यूचा दाखला. पाठवू?

चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराचे वकील आर्थर फेल्डमन यांची गोष्ट कुणीतरी आपल्याला वाचून दाखवावी. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा शहरात शिरल्या आणि गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, त्यांचा सातशेहून अधिक रेखाचित्रांचा संग्रह उचलला. त्यातली चार पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये निघाली. एकात मर्क्युरी आणि अपोलो, रोमन पुराणातले देव. म्युझियमचा कायदा आड आल्याने चित्रं परत देता येईनात, तेव्हा २००६ मध्ये ब्रिटिश सरकारच्या समितीने वारसांना १,७५,००० पौंड द्यायला सांगितले. त्या वेळचे जवळपास दीड कोटी रुपये झाले. युद्धात कागद हरवतात, मालकीच्या इतिहासातले तुटलेले दुवे समजून घ्या, हे तर नाझींनी लुटलेल्या कलेबाबत १९९८ सालीच वॉशिंग्टनला ४४ देशांनी मान्य केलं होतं.

आमच्याकडे ना युद्ध, ना गेस्टापो. जीप आली, चहा प्याली, चित्र घेऊन गेली.

आणि तो नाशिकचा हिरा! १८१८ च्या लढाईत इंग्रजांनी लुटला. पण त्याचा प्रवास बघा: लंडनचे जवाहिरे, १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरचा मार्क्विस (इंग्लंडचा उमराव), १९४० मध्ये न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन, त्याने पैलू पाडून ४३.३८ कॅरेटवर आणला. लुटीच्या मालाचीही नोंद राहिली. आपल्या खात्यात आवक रजिस्टर सापडत नाही.

ज्या राज्यात जिवंत माणसाला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तिथे शूर्पणखेला कोण विचारतो? तिचं नाक लक्ष्मणाने कापलं, आमचं आपण. सिंहस्थासाठी कोटींची उड्डाणं, आणि एका कपाटाची किल्ली मिळत नाही. साहेब रजेवर, टेबल बदललं, फाईल मुंबईला. सरकारं बदलली, उत्तर तेच.

चित्र कुठे आहे ते लेखी कळवा, आजचा फोटो जोडा. ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच लिहायचं असेल, तर टपालखर्च वाचवा.

आपला,
पंचवटीतला एक करदाता