एकी की बेकी

डुनेडिन, न्यूझीलंड

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडे नेमकं करतेस तरी काय?" मी म्हटलं, अणूंच्या टकरी लावते. त्यावर आई मागून "अगं बाई, बॉम्ब?" म्हणाली आणि फोन कट झाला. बॉम्ब नाही गं आई.

खोलीतल्या उष्णतेला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर धावतो. चहूबाजूंनी लेसर सोडून त्याला गार केलं की सेकंदाला वीतभरही सरकत नाही. असे सुस्तावलेले अणू प्रकाशाच्या एका ठिपक्यात धरायचे. ठिपका जेमतेम एक मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा पन्नासावा भागही नाही. हवा असतो एकच अणू, पण येतील तेवढे येतात.

बाबा, तुम्ही माझ्याशी चिंचोक्यांनी एकी-बेकी खेळायचात ना? तसंच आहे. अणूला जो रंग नेमका मानवतो त्याहून किंचित लाल बाजूचा लेसर ठिपक्यावर टाकतात. जवळ आलेल्या दोघांतला एक तो प्रकाश गिळतो आणि दोघं एकमेकांकडे ओढले जातात. अणू परत बाहेर सोडतात तो प्रकाश मात्र गिळलेल्याहून कमी ऊर्जेचा. मधली ऊर्जा वेगात जाते आणि जोडीच्या जोडी ठिपक्याबाहेर! एकी असेल तर शेवटी एक उरतो, बेकी असेल तर मूठ रिकामी. पॅरिसजवळ ऑर्सेला २००१ मध्ये असेच एकेकटे अणू पकडले होते.

पण यात निम्म्या वेळा हात हलवत परतावं लागतं. मला आवडते ती पुढची गोष्ट, आणि ती इथलीच, ओटागो विद्यापीठातली. २०१० मध्ये मिकेल आन्डरसन यांच्या गटाने लेसर निळ्या बाजूला सरकवला. आता अणू ओढले जाण्याऐवजी एकमेकांना ढकलतात, आणि ढकलण्यात किती ऊर्जा मिळावी ते लेसरच्या रंगावर ठरवता येतं. एकाला बाहेर पडायला पुरेल, दोघांना पुरणार नाही, इतकीच द्यायची. सुमारे ८३ टक्के वेळा अणू हाती लागला. बेकीतूनही एक उरवायचा, म्हणजे सरळसरळ रडीचा डाव! तुम्ही चिंचोका बाहीत सरकवायचात, तसा.

इथे जुलैची थंडी आहे, पण लेसरच्या खोलीत उबदार असतं. मोतीबिंदूची तारीख ठरली की लगेच कळवा, तिकीट काढते. आणि आई, शेजारच्या काकूंना बॉम्बचं सांगून बसली असशील तर आजच्या आज निस्तर.

तुमची,
बबी