कुणाचा सा, कुठला सा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर एक चौकट होती : ‘सा म्हणजे २५६ हर्ट्झ, रे म्हणजे २८८.’ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. मंगळवारी सकाळी ती चौकट माझ्या दारात आली. कोथरूडहून एक गृहस्थ मुलीची पेटी, म्हणजे हार्मोनियम, रिक्षात घालून आले होते, हातात कात्रण. म्हणाले, “हिचा सा फोनवर २६१.६ दाखवतोय. २५६ वर आणून द्या.”

शुक्रवार पेठेत अडतीस वर्षं पेट्या जुळवतोय. चांगल्या लागलेल्या पेटीचा सूर उतरवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं.

आकडा खोटा नाही, पण तो ‘सा’चा नाही. एक आठ वेळा दुप्पट केला की २५६ होतात. हिशेबाला सोपं, म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्यावर तो कोरलेला असतो. संगीताच्या परीक्षेला बसणारी मुलं मात्र २४० पाठ करतात : छत्तीस इंची तार, तिचा सा २४०, आणि अठरा इंचांवर तार सा ४८०. पेटी जुळवताना आम्ही पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, ४४० धरतो. हा आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला. तो धरला की पांढरी एक २६१.६ वर येते. तिन्ही आकडे आपापल्या घरी बरोबरच आहेत.

पण गवयाला यातला एकही विचारायचा नसतो. सा गळ्यावर ठरतो. पुरुष गवई बहुधा काळी एक सांगतो, बाई काळी चार किंवा पाच. सवाई गंधर्व महोत्सवात एका संध्याकाळी तीन कलाकार ऐकले तर तीन वेगवेगळे सा कानात घेऊन आपण घरी येतो. तंबोरा प्रत्येकासाठी नव्याने लावतात तो काय हौसेने?

आता चौकटीत जे मुळीच नव्हतं ते. एक सा ठरवला तरी तो एकच नसतो. त्या गृहस्थांची पेटी साडेतीन सप्तकांची, बेचाळीस पट्ट्यांची, खर्ज-नर. म्हणजे प्रत्येक पट्टीखाली दोन सूर : एक नर, दुसरा त्याच्या सप्तकभर खाली खर्ज. अशा पेटीत पांढरी एक चार जागी येते, म्हणजे त्या एका नावाचे आठ सूर. सगळ्यात खालचा खर्ज ६५.४, पुढे १३०.८, २६१.६, ५२३.३, आणि शेवटच्या पांढरी एकचा नर १०४६.५. सोळापट अंतर, नाव एकच! मी मधली पट्टी दाबून त्यांना विचारलं, “किती सूर ऐकू येतात?” म्हणाले, “एकच.” खर्जाच्या पोटात दुप्पट कंपनांचा नाद असतोच, नर नेमका त्याच्यावर बसतो, म्हणून कानाला जोड दिसत नाही. नर २६१.६ ऐवजी २६२.६ झाला की सेकंदाला एक अशी लहर हलायला लागते, आणि मग शेजारीणसुद्धा सांगते, पेटी बिघडली. मी फोनवरच्या आकड्याने नाही, त्या लहरीने पेटी जुळवतो. गणपतीच्या आरतीत आजोबा खाली, नातवंडं त्यांच्या वरच्या सप्तकात ओरडत असतात, तरी सगळ्यांचा सूर एकच वाटतो (टाळ सोडून द्या), त्याचं कारणही हेच.

पेटीत प्रत्येक सुराची एक पितळी पात असते. सूर उतरवायचा तर ती मुळाशी खरवडायची, चढवायचा तर टोकाशी. २६१.६ वरून २५६ म्हणजे एका पट्टीच्या अंतराचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. एकट्या पांढरी एकलाच उतरवलं असतं तर ती बाकीच्या अकरा सुरांशी भांडली असती. सगळी पेटी उतरवायची तर चौऱ्याऐंशी पाती खरवडा. आणि मग ती दुसऱ्या कुठल्या पेटीबरोबर, बासरीबरोबर वाजणार? मी पेटी तशीच परत दिली, भात्याची गळती काढली तेवढीच. मुलगी शिकते काळी एकमधून. तिच्या गुरूंचा सा त्या फोनवर २७७ दाखवतो, हे वडिलांना तिथेच कळलं.

तेव्हा चौकट दुरुस्त करून छापावी ही विनंती. ‘प्रयोगशाळेतील नादकाट्यांनुसार’ एवढे शब्द आधी घातले आणि सप्तक वर गेलं की आकडा दुप्पट होतो ही एक ओळ जोडली तरी पुरे. जमलं तर या रविवारीच छापा. औंधच्या एका बाईंचा फोन येऊन गेलाय, त्या सोमवारी दोन पेट्या घेऊन येणार आहेत.

आपला,
एक पेटी जुळवणारा,
शुक्रवार पेठ, पुणे