नळीला नावं ठेवण्याआधी लाकूड बघा

संपादक महोदय,

परवा तुमच्या पेपरात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल म्हणजे नेम न धरणारं भंगार असं वाचलं, राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी महूच्या लष्करी छावणीत आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा होतो. रायफल गोळ्या पसरवायला लागली की सगळे आधी नळीला नावं ठेवतात, पण बरेचदा रोग लाकडात असतो. ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या या रायफलीचं नळीखालचं पुढचं लाकूड वर्षानुवर्षं वाळून आकसतं, मग ट्रिगर गार्डचा (घोड्याभोवतीच्या कडीचा) पुढचा स्क्रू कितीही आवळा, बॉडी, म्हणजे नळी जिला जोडलेली असते तो लोखंडी सांगाडा, आत हलतेच आणि दर गोळीला नळी वेगळी बसते. एकदा अशीच एक आली, खोलली तर बॉडी जिथे टेकते ती खाच तेल पिऊन काळी पडलेली, अंगठ्याने दाबली तर मऊ! तिथे नवा लाकडाचा तुकडा चिकटवला, काजळी लावून कुठे टेकतंय ते बघत बघत दोन दिवस घासला, तेव्हा कुठे १०० यार्डांवर हातभर पसरणाऱ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आल्या. हां, पुल-थ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीने नळीचं तोंड एका बाजूने झिजलं असेल तर मात्र लाकूड बिचारं काय करणार.

एक रिटायर आर्मरर, रामबाग, इंदूर