बाबा मुंबईत, पालकसभा गावात

महोदय,

कोकणातल्या कितीतरी घरांत वडील मुंबईत नोकरीला किंवा ट्रॉलरवर, मुलं गावी आईकडे. फोन होतात, पण ‘अभ्यास केलास का?’ला मूल ‘हो’ म्हणतं नि बोलणं संपतं. विचारायला नेमकं काही हाताशी नसतं, ही खरी अडचण. आईने शनिवारी वहीच्या एका पानाचा फोटो पाठवावा. बाबांनी त्यातलंच एक गणित मुलाकडून समजावून घ्यावं. दहा मिनिटं पुरतात, वेळ मात्र ठरलेली हवी. चुकणार असेल तर आधी कळवावं. वाट बघून हिरमुसलेलं मूल पुढच्या वेळी फोनवर येत नाही. समुद्रात रेंज जाते, म्हणून खलाशांनी बंदरातूनच व्हॉइस मेसेज पाठवून ठेवावा. आणि ‘थांब, बाबांना सांगते’ ही धमकी आयांनी कृपा करून सोडावी. त्यानेच मुलं बाबांचा फोन टाळतात.

शाळांनाही विनंती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते; खलाशी वडिलांसाठी पालकसभा जूनअखेरीस घ्या. चाकरमान्यांसाठी गणपतीच्या सुट्टीला लागून एक दिवस ठेवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनीच ही तारीख मागून घ्यावी.

– एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा