अण्णा परभणीला बोलावतायत

सेलू,
शनिवार, रात्री

प्रिय बाळ्या,

चार महिने तुला फोन नाही की पत्र नाही. शिव्या नंतर दे, आधी हे वाच. दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. बीपी, शुगर ठीक. मी बरा.

अण्णांच्या उशाशी औषधांचा पत्र्याचा डबा असतो. आठ दिवसांपासून ते डाव्या हाताने तो वाजवायलेत. हिला वाटलं पाणी मागतायत. दिलं तर पेला ढकलला. डॉक्टर म्हणाले, हात थरथरतो. परवा रात्री लाइट गेली, पंखा थांबला आणि मला नीट ऐकू आलं. बोटाचं पेर डब्यावर पडलं की 'ठक', उचलताना नख झाकणाच्या कडेला लागलं की बारीक 'टिक'. बाळ्या, अण्णांच्या तारबाबूच्या नोकरीतलं ते खटखटणारं साउंडर रे! अंगावर काटा आला.

सहामाहीला तू भूगोलाचं उत्तर तारेच्या भाषेत बाकावर टकटकवलंस, मी भलतंच लिहिलं, आणि दोन महिने आपला अबोला. तू म्हणायचास माझा कान फुटका, मी म्हणायचो तुझा हात वाकडा. दोघंही चुकलो होतो. साउंडरात करंट आला की दांडी खाली आपटते, तुटला की स्प्रिंगने वर. त्या दोन आवाजांतलं अंतर कमी तर डॉट, तिप्पट तर डॅश. बाकावर एकच ठोका. डॅश कळणार कसा? अण्णांना मात्र आजही दोन आवाज लागतात.

ते सांगायचे ना, मोर्सच्या 1844 च्या यंत्रात कागदाच्या पट्टीवर खुणा उमटायच्या. तारबाबू नुसत्या खटक्यावरून मजकूर लिहायला लागले, साहेब लोकांनी दटावलं, तरी शेवटी पट्टीच गेली. मीही आठ दिवस नुसता बघत बसलो होतो.

पी, बी, एन. परभणी स्टेशनची खूण. एवढंच वाजवतात, मान डब्याकडे कलती करून थांबतात, मग पुन्हा. मी टॉर्च घेऊन जवळ बसलो, आठवून आठवून 'के' वाजवला: बोल म्हणून. त्यांनी माझं बोट धरून हळूच बाजूला केलं. परभणीला आज कोण बसलंय ते दोन अक्षरांत हातावरून ओळखणारा माणूस तो, माझा हात कसा चालेल? रात्रभर झोप नाही. काय सांगायचं असेल रे त्यांना? परभणीने उत्तर दिल्याशिवाय ते पुढचं सांगणार नाहीत.

भंगारात निघालेलं ते साउंडर अण्णांनी तुला दिलं, मला नाही, याचा राग मी तीस वर्षं धरला. आज कबूल करतो, हात तुझाच चांगला होता. 14 जुलै 2013 ला पुण्यात रांगेत उभा राहून तू त्यांना केलेली तार अजून उशीखाली आहे.

पोरीचं लग्न जमलं म्हणे, फार आनंद झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे?

पत्र मिळताच निघ. साउंडर आणि तार पाठवायची ‘की’, दोन्ही घे. सेल मी इथे आणून ठेवतो.

तुझा,
नंदू